ट्रकच्या मागच्या एक्सलचा रेशो कुठेतरी लिहिलेला हवा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी आडगावला राहतो, ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, दोन सहाचाकी गाड्या आहेत, कांदा भाजीपाला जे मिळेल ते भाडं करतो. तुमचा पेपर आमच्या ट्रक टर्मिनलवर सकाळी सगळ्यात आधी वाचला जातो म्हणून हे पत्र तुम्हालाच पाठवतोय. विषय जरा मशिनरीचा आहे, रेशो म्हणजे इंजिनकडून मागे येणारा शाफ्ट किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं तो आकडा, पण कृपा करून पूर्ण वाचा, कारण यात फक्त मिस्त्री लोकांचं काम नाही, रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाचं आहे आणि माझ्या हातून एका चांगल्या माणसावर अन्याय झालाय तो पण यातूनच झालाय.

दीड वर्षापूर्वी मी दुसरी गाडी सेकंडहँड घेतली. एजंटमार्फत घेतली, पेपर क्लिअर, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट सगळं बघून घेतलं, इंजिनचा आवाज ऐकला, टायर बघितले, चेसिसला कुठे वेल्डिंग मारलंय का ते पण खाली झोपून बघितलं. मागच्या एक्सलमध्ये कुठला क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी गिअरची जोडी, आहे हे मात्र विचारायचं डोक्यातच आलं नाही, आणि मला वाटतं नाशिकमधल्या शंभरातल्या नव्वद मालकांच्या डोक्यात येत नसेल.

ती गाडी मी आमच्या मामांच्या ताब्यात दिली. मामा म्हणजे नात्यातले नाहीत पण वयाने मोठे, त्यांची पस्तीस वर्षं स्टेअरिंगवर गेलीत, म्हणून सगळे मामाच म्हणतात. गाडी आडगाव ते वाशी मार्केट जायची, जाऊन येऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर. माझी जुनी गाडी याच रूटवर ७० लिटर डिझेल खाते, ही नवी घेतलेली ८३ खायला लागली. बरं मीटर बघितला तर ट्रिपला ४०८, ४१० किलोमीटर पडलेले. म्हणजे अॅव्हरेज काढला तर ४.९, जुन्या गाडीच्या जवळपास, म्हणजे गाडीत खोट नाही असंच कोणीपण म्हणेल. मग जास्तीचे साठ किलोमीटर गेले कुठे? मी पण तोच विचार केला जो कोणताही मालक करेल. मला वाटलं मामा वाटेत गाडी वळवतात, कोणाचा तरी माल इकडून तिकडे टाकून वरचे पैसे घेतात.

दोन महिने मी मनात ठेवलं आणि मग एक दिवस सगळ्यांसमोर बोललो. मामा काही भांडले नाहीत, फक्त म्हणाले, "शेठ, पुढच्या ट्रिपला तुम्ही स्वतः बसा गाडीत." तेवढंच. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

मग मी बसलो. पहाटे तीनला आडगावहून निघालो, द्वारका, मग विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी, सरळ हायवेने, गाडी कुठेही वळली नाही. मी मोबाईलवर मॅप लावून ठेवला होता. वाडीवऱ्ह्याच्या पुढे सरळ रस्त्याला गाडीचा काटा ६० वर होता आणि मोबाईल ५१ दाखवत होता. आधी वाटलं रेंज गेली असेल. इगतपुरी सोडून घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा मोबाईलवर बरोबर ६० किलोमीटर भरले होते आणि गाडीच्या मीटरवर ७०. साठाला सत्तर. परत येताना पण तेच, तीसला पस्तीस, साठाला सत्तर, एकदम पक्का हिशोब, कमी नाही जास्त नाही. मीटर बिघडला तर कधी कमी कधी जास्त दाखवेल ना, इथे तर दर सहाला सात, घड्याळ लावल्यासारखं.

गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला सेन्सर बदलू. सेन्सर बदलला, तरी तेच. मग म्हणाला मीटरच बदलू. मी थांबवलं आणि टर्मिनलच्या मागे एक जुने वस्ताद बसतात, आता काम करत नाहीत, डोळ्याने कमी दिसतं त्यांना, त्यांच्याकडे गेलो. सहाला सात म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "मागे सहा-एक्केचाळीस टाकलाय कोणीतरी, गाडी सात-एक्केचाळीसची असणार."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या एक्सलच्या मधोमध जो मोठा गोळा असतो त्यात दोन गिअर असतात, प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे येणारा लांब दांडा ज्याला जोडलेला असतो तो छोटा पिनियन आणि चाकं ज्याच्यामुळे फिरतात तो मोठा क्राऊन. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, झाला रेशो. पिनियनला ७ आणि क्राऊनला ४१ दात असले तर ५.८६, म्हणजे शाफ्ट पावणेसहाच्या थोडं वर फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. पिनियनला ६ असले तर तोच रेशो ६.८३ होतो. आणि ६/३७ चा सेट येतो त्याचा ६.१७. आकडा जेवढा मोठा तेवढी गाडीला ओढ जास्त आणि पळणं कमी, आकडा छोटा तर उलटं. एका दाताचा फरक आहे पिनियनमध्ये पण गाडीची सगळी चाल बदलते, त्याच गिअरमध्ये चाकावर ओढ सहाव्या हिश्श्याने वाढते आणि त्याच आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या तेवढ्याच फेऱ्यांना, स्पीड सातव्या हिश्श्याने कमी होतो. ४१ आणि ३७ हे आकडे पण उगाच नाहीत बरं का, त्यांना कशानेच भाग जात नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने लागतो आणि सगळीकडे सारखी झीज होते, ही शाळेतली मूळ संख्या तिथे ऑइलमध्ये बुडून काम करत असते.

आता मीटर का फसला ते बघा. स्पीडोमीटर आपला हिशोब गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून घेतो, चाकाकडून नाही, निदान आमच्यासारख्या गाड्यांमध्ये तरी. म्हणजे मीटर शाफ्टचे फेरे मोजतो आणि कंपनीने जो रेशो धरलाय त्याच्यावरून किलोमीटर काढतो. मागे रेशो बदलला तरी मीटरला त्याचा पत्ताच नसतो. आणि ड्रायव्हरला संशय का येत नाही तर आरपीएमचा काटा आणि स्पीडचा काटा हे दोन्ही एक्सलच्या पुढचे, ते एकमेकांशी कायम जुळतात. टॉप गिअरला १८३० वर ६० दाखवायचं ठरलंय ना, मग ६० च दाखवणार. मामांनी पस्तीस वर्षं ज्या काट्यावर भरवसा ठेवला तोच काटा त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता आणि मी ती साक्ष धरून बसलो.

पण वस्ताद म्हणाले म्हणून झालं असं नको म्हणून खात्री करायची होती. गॅरेजवाला म्हणे एक्सल काढू, शाफ्ट काढू, गोळा बाहेर घेऊ आणि दात मोजू. अर्धा दिवस जाणार, ऑइल जाणार, गॅस्केट जाणार, मजुरी वेगळी. खरं तर काही एक्सलवर पत्र्याची छोटी पट्टी बोल्टखाली लावलेली असते त्यावर रेशो असतो, आमच्या गाडीवर पट्टी नव्हती, दहा वेळा ऑइलपेंट मारलेल्या हाऊसिंगवर काय सापडणार. मग वस्तादांनी खडूची पद्धत सांगितली आणि तीच मला सगळ्यांपर्यंत पोहोचवायची आहे, त्यासाठीच एवढं लिहितोय.

गाडी सपाट जागेवर, एकदम सपाट, उतार नको. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे, चांगले जाड, आणि मागचं जे चाक खाली राहणार आहे त्याला पण. हे यासाठी की मागचं चाक हाताने फिरवायचं तर हँडब्रेक सोडावा लागतो, तो मागच्याच चाकांना धरतो, आणि हँडब्रेक सोडला म्हणजे गाडीला धरून ठेवणारं ठोकळ्याशिवाय काहीच नाही. टाकीत हवा भरलेली हवी नाहीतर हँडब्रेक सुटतच नाही. गाडी रिकामी हवी. मग एका बाजूची मागची जोडी जॅकने उचलायची, जमिनीपासून दोन बोटं सुटली तरी बास, आणि एक्सलखाली लाकडी स्लीपरची थप्पी लावायची, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही म्हणजे नाही. गाडी न्यूट्रलला आणि इंजिन बंद. प्रॉपेलर शाफ्टवर खडूने एक रेघ, समोर चेसिसवर किंवा एखाद्या पाइपवर त्याच्या बरोबर समोर एक रेघ, तशीच टायरवर एक आणि मडगार्डवर एक. रेघा मारायच्या आधी चाक जिकडे फिरवायचं तिकडेच थोडं फिरवून घ्या म्हणजे गिअरमधला सगळा ढिलेपणा निघतो, नाहीतर पहिल्याच फेऱ्याला चूक होते.

आता लक्ष देण्याची गोष्ट. एक चाक जमिनीवर आणि एक हवेत असलं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही बाजूच्या चाकांना कमीजास्त फिरू देणाऱ्या गिअरमुळे, हवेतलं चाक दुप्पट फिरतं. म्हणून एका बाजूने उचलून करताना चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा. इथेच बहुतेक लोक चुकतात, एकच फेरा मारतात आणि शाफ्ट तीनच्या वर फिरला की म्हणतात रेशो ३.४ आहे. दोन्ही बाजूची चाकं उचलून दोन माणसांनी एकसारखी फिरवली तर एकाला एकच, पण तसं करायला जागा आणि माणसं जास्त लागतात आणि धोका पण जास्त.

आम्ही रविवारी सकाळी केलं. माझा पुतण्या चाक फिरवत होता, मामा शाफ्टजवळ बाजूला उकिडवे बसून मोजत होते. दोन फेऱ्यांना शाफ्ट सहा पूर्ण फिरला आणि सातवा पूर्ण व्हायला चार बोटं कमी पडली. म्हणजे ६.८ च्या आसपास, पण आसपास नको होतं मला. वस्ताद म्हणाले, बारा फेरे मारा. कारण चाकाचे बारा म्हणजे क्राऊनचे सहा, आणि सहा-एक्केचाळीस असेल तर चाकाच्या बरोबर बारा फेऱ्यांना शाफ्टचे बरोबर एक्केचाळीस फेरे होणार, रेघेला रेघ मिळाली पाहिजे. सात-एक्केचाळीस असता तर त्याच बारा फेऱ्यांना शाफ्ट पस्तीसच फिरला असता आणि रेघ पण भलतीकडेच राहिली असती.

पुतण्या मोठ्याने चाकाचे फेरे मोजत होता, मामा शाफ्टचे. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. पुतण्याने बारावा फेरा हळूहळू पूर्ण करून टायरची रेघ मडगार्डच्या रेघेला लावली आणि मामा म्हणाले, एक्केचाळीस. मी वाकून बघितलं, शाफ्टवरची खडूची रेघ चेसिसवरच्या रेघेच्या समोर, दोरा मावणार नाही इतकी बरोबर. वीस मिनिटं आणि एक खडू. मी तिथेच मामांची सगळ्यांसमोर माफी मागितली, जिथे बोललो होतो तिथेच मागायला हवी होती म्हणून. ते म्हणाले, "जाऊ द्या शेठ, पण मीटर आधी दुरुस्त करा, मला रोज तो आकडा बघावा लागतो."

मग एजंटला फोन केला. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की पहिल्या मालकाने गाडी काही वर्षं खडीच्या कामावर चालवली, तिथे पिनियनचे दात गेले आणि त्यावेळी जो सेट मिळाला, किंवा चढाला ओढ हवी म्हणून मुद्दाम, तो टाकला. बिल नाही, नोंद नाही, काही नाही. मला कोणाचं नाव घ्यायचं नाही, त्या मालकाने काही पाप केलं असं पण नाही, खडीच्या कामाला तो रेशो योग्यच आहे. चूक एवढीच की गाडी विकताना त्या गोष्टीचा कागदावर मागमूस नव्हता.

एक खुलासा करतो नाहीतर जाणकार लोक म्हणतील हा सगळं रेशोवर ढकलतोय. ट्रिपला १३ लिटर जास्त जातात ते सगळे रेशोमुळे नाहीत. गाडी जुनी आहे, इंजेक्टर पण बघून घेतले. पण खऱ्या किलोमीटरवर अॅव्हरेज ४.९ नाही ४.२ आहे हे कळलं तेव्हा कुठे इंजेक्टर बघायची बुद्धी झाली, तोपर्यंत खोट्या अॅव्हरेजने मला झोपवून ठेवलं होतं. सर्व्हिसिंग, ऑइल बदलणं, टायर किती चालला हे सगळं पण त्याच खोट्या किलोमीटरवर चाललं होतं.

आता सगळ्यांच्या कामाचं. स्पीड गव्हर्नर म्हणून जे यंत्र मालवाहू गाड्यांना लावतात ते ८० ला गाडी अडवतं. माझ्या गाडीत ते खऱ्या ६८-६९ लाच अडवत होतं, कारण त्याला पण स्पीड तिथूनच मिळतो जिथून मीटरला मिळतो. माझं नुकसान झालं, दुसऱ्या कोणाचं नाही. पण हेच उलटं झालं तर? मूळ गाडी सहा-एक्केचाळीसची आहे आणि कोणी जास्त पळावी म्हणून किंवा स्वस्तात मिळाला म्हणून सात-एक्केचाळीसचा सेट टाकला तर काटा ८० दाखवेल, गव्हर्नर पण ८० च समजेल, आणि गाडी प्रत्यक्षात ९३ ने जात असेल. गव्हर्नरचं सर्टिफिकेट बरोबर, सील बरोबर, ड्रायव्हर शपथेवर सांगेल मी ८० च्या वर गेलो नाही आणि तो खरं बोलत असेल. भरलेली गाडी आहे साहेब, ८० आणि ९३ मध्ये थांबायला लागणाऱ्या अंतराचा फरक स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तेवढ्याच ब्रेकला सव्वापट-दीडपटीच्या मध्ये कुठेतरी जास्त रस्ता लागणार. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून पूर्ण ७०१ किलोमीटरचा मोकळा रस्ता आहे, आता असा फरक लपून राहिला तर तो कुठे उघडा पडेल हे सांगायची गरज नाही.

आणि घाट उतरताना बघा. कसारा घाट भरलेल्या गाडीने उतरताना आम्ही लोक ब्रेकवर नाही गिअरवर गाडी उतरवतो, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. मागचा रेशो जेवढा मोठा तेवढं इंजिन जास्त धरतं. ज्या ड्रायव्हरचा हात सहा-एक्केचाळीसवर बसलाय त्याला न सांगता सात-एक्केचाळीसची गाडी दिली तर तो सवयीच्या गिअरला उतरायला लागेल आणि गाडी जास्त पळायला लागली की पाय ब्रेकवर जाईल, आणि तापलेले ब्रेक घाटात काय करतात हे ज्याने लायनरचा वास घेतलाय त्यालाच माहीत. म्हणून मी म्हणतो, रेशो ही मालकाच्या डिझेलची गोष्ट नाही, ड्रायव्हरला गाडीची चावी देताना सांगायची गोष्ट आहे.

रस्त्यावरच तपासायची एक सोपी पद्धत पण सांगतो, जॅक लावायचा नसेल तर. आधी टायरचा खरा घेर काढा. टायरवर खडू लावून गाडी सरळ दहा फेरे चालवा आणि जमिनीवर टेपने मोजा, आमच्या टायरला दहा फेऱ्यांना ३२ मीटर भरले, म्हणजे एका फेऱ्याला ३.२. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर टॉप गिअरला आरपीएम २००० वर स्थिर धरा आणि बाजूला बसलेल्या माणसाने मोबाईलवर जीपीएसचा स्पीड बघायचा, चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघायचं नाही. ६५-६६ आला तर ५.८६ चा रेशो, ६२ आला तर ६.१७, ५६ आला तर ६.८३. दुसऱ्या आरपीएमला करायचं असेल तर आरपीएमला ०.१९२ ने गुणा आणि मोबाईलच्या स्पीडने भागा. हा ०.१९२ म्हणजे ३.२ ला ६० ने गुणून हजाराने भागलेलं, तुमच्या टायरचा घेर वेगळा असेल तर तो धरा. पण हे टॉप गिअर डायरेक्ट असेल तरच, म्हणजे शाफ्ट इंजिनच्याच गतीने फिरत असेल तर. ओव्हरड्राइव्हवाली गाडी असेल, म्हणजे टॉप गिअरला शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरत असेल, तर डायरेक्ट असलेला गिअर लावून करा नाहीतर उत्तर चुकीचं येणार. आणि ज्या गाड्यांच्या चाकाच्या हबमध्ये आणखी एक रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करणारा गिअर, असतं त्यात नुसते क्राऊनचे दात मोजून पूर्ण रेशो मिळत नाही, तिथे चाक फिरवून किंवा रस्त्यावरच काढावा लागतो.

दहाचाकीवाल्यांनी तर जास्त जपायला हवं. ज्या गाडीचे मागचे दोन्ही एक्सल ओढतात त्यात दोन्हीकडे एकच रेशो पाहिजे. एका एक्सलचा सेट गेला आणि बाजारात मिळाला नाही म्हणून दुसऱ्या रेशोचा टाकला तर दोन्ही एक्सल एकमेकांशी कुस्ती खेळतात, टायर घासतात, मधलं डिफरन्शियल तापतं, लॉक लावला तर काहीतरी तुटतंच. क्राऊन आणि पिनियन कधीही सुटे घेऊ नका हे पण सांगून ठेवतो. कारखान्यात ती जोडी एकमेकांवर घासून बसवलेली असते, दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राऊन दुसऱ्याचा पिनियन बसवला की काही दिवसांत गाडी विव्हळायला लागते आणि मग ऑइलमध्ये लोखंडाचा भुगा.

माझी मागणी फार मोठी नाही. नोंदणीच्या फॉर्ममध्ये मालवाहू गाडीच्या टायरची साईज लिहावी लागते, एक्सलवर किती वजन चालेल ते लिहावं लागतं, इंजिनला सिलिंडर किती, व्हीलबेस किती, रंग कुठला हे सगळं लिहावं लागतं. रंग लिहिता मग रेशोला एक रकाना द्या. परिवहन खात्याने एवढं केलं तरी खूप झालं. गाडी ट्रान्सफर होताना विकणाऱ्याने रेशो लिहून सही करावी. फिटनेसच्या वेळी स्पीडोमीटर आणि गव्हर्नर बघतातच, तेव्हा चाकाचा खरा स्पीड आणि काट्याचा स्पीड रोलरवर मिळवून बघितला तर माझ्यासारखी गाडी एका मिनिटात पकडली जाईल. आणि तोपर्यंत सरकारची वाट न बघता आमच्या गॅरेजवाल्या भावांनी एक करावं, क्राऊन-पिनियन बदलला की बिलावर दात लिहायचे आणि हाऊसिंगवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात. नव्या बीएस सिक्स गाड्यांमध्ये तर रेशो बदलला की कॉम्प्युटरमध्ये पण तो बदलून घ्यावा लागतो, नुसता लोखंड बदलून भागत नाही. सातपूरच्या आयटीआयमध्ये जी मुलं मोटर मेकॅनिक शिकतात त्यांच्याकडून ही खडूची पद्धत एकदा हाताने करून घेतली तर ती आयुष्यभर विसरणार नाहीत, माझा पुतण्या आता ज्याला त्याला बारा फेऱ्यांचं गणित सांगत फिरतो.

माझ्या गाडीचं म्हणाल तर मीटर कॅलिब्रेट करून घेतलंय, आता साठाला साठ. सात-एक्केचाळीसचा सेट टाकायचा की नाही हे अजून ठरलं नाही. मामा म्हणतात राहू द्या, वाशीहून कधी भरून यायचं असलं तर घाट चढायला हाच बरा आणि उतरताना पण गाडी हातात राहते. मला समृद्धीचं भाडं लागलं तर बदलावा लागेल असं वाटतं. दोघांचं पण बरोबर आहे, पण निदान आता आम्ही दोघं काय आहे ते माहीत असून बोलतोय. हाऊसिंगवर मामांनी स्वतः पांढऱ्या रंगाने ६/४१ लिहिलंय, तारखेसकट.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझी कहाणी कापा साहेब, खडू आणि ठोकळ्याचा परिच्छेद तेवढा पूर्ण छापा, आणि एका चाकाला दोन फेरे हे चुकून एक होऊ देऊ नका.

आपला,
एक ट्रकमालक
आडगाव, नाशिक